खरखरीत बुडालेलं आडनाव

मुरगूड,
११ डिसेंबर

चि. स्वप्नाली हिस आबाचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. म्हैस व्याली, रेडी झाली. ऊस अजून उभाच आहे. तोडणीची टोळी येते येते म्हणते आणि येत नाही. तीन वर्षांनी लिहितोय, पण काम आहे म्हणून. तुमच्या रेडिओवर श्रोत्यांच्या तक्रारी घेतात ना? माझीही एक घे.

तुझा संध्याकाळचा शेतीचा कार्यक्रम मी गोठ्यात ऐकतो. सुरुवातीला बरा येतो. खोडव्याचं तू चांगलं सांगतेस, फक्त जरा सावकाश बोल. पण दिवस मावळायला लागला की फोडणीत मिरच्या पडल्यासारखी खरखर सुरू होते आणि वाढतच जाते. शेवटी तू म्हणतेस, "मी आपली निवेदिका स्वप्नाली..." आणि पुढं नुसतं खर्रर्र!

रोज हेच. डोकं फिरतं. सेल बदलले, रेडिओ पत्र्यावर ठेवला, म्हशीच्या पाठीवरसुद्धा ठेवून बघितला. शेवटी बाजारात लालासाबकडं नेला. रेडिओ उघडून बघणारा इथं आता तोच उरलाय.

"रेडिओ ठणठणीत हाय की," तो म्हणाला. "लांबच्या कुठल्यातरी स्टेशनानं आपल्या स्टेशनाच्या आकड्याशेजारीच डिजिटल कार्यक्रम सोडलाय. दिवस मावळला की त्येचा आवाज हिकडं सरकतोय. आपल्या जुन्या डब्याला त्यातलं काय कळतंय? नुसती खरखर."

"मग बंद करायला सांग की त्यास्नी."

"कुणाला सांगू, आभाळाला? मोबाईलवर ऐक, स्वच्छ येतंय. आन् एवढं शेवटचं काय ऐकायचं असतंय रं तुला?"

"हवामान," मी म्हणालो.

मोबाईल तुझ्या आईकडं असतो. ती स्वयंपाकघरात रोज तुला ऐकते आणि मला ते माहीत नाही असं समजते. तिला शेवटचा शब्द स्वच्छ ऐकू येत असणार. पण विचारू कुठल्या तोंडानं? तू फराजशी लग्न केलंस तेव्हा या घरात तुझं नाव काढायचं नाही, हा कायदा मीच केला. आता मीच त्या नावापुढच्या एका शब्दासाठी गोठ्यात कान टवकारून बसतो. जेवण गोड लागत नाही.

आपलं चौगले म्हणतेस, की त्याचं मुजावर? एवढंच उलट टपाली कळव, असं लिहिणार होतो.

पण नको, कळवू नकोस. आपल्यात लेक पहिल्यांदा जावयाला घेऊन आली की उंबऱ्यावर अडवून नाव घ्यायला लावतात. तुझं ते राहिलंय. त्याला घेऊन ये. आई ओवाळायला उभी राहील, मी दारात आडवा उभा राहीन. फराजचं नाव घे, चांगलं खणखणीत, गल्लीला ऐकू जाईल असं. मग आडनाव कुठलं का असेना.

लवकर या दोघं. मला दम निघत नाही.

तुझा,
आबा