मधू, तुझी गाडी पाचूबंदरला गेली

प्रिय मधू,

तिकडे सगळे कसे आहेत? आईचे गुडघे आता दुखत नसतील ना? आबांचा खोकला थांबला का? आणि काशीआत्या? तिचं ऐकू येणं सुधारलं असेल तर जपून बोल, इथे बहिरी होती म्हणून आपण बरंच काही बोलून गेलो! तुझी तब्येत विचारत नाही. सकाळी चहा पिताना धडधाकट होतास आणि कप खाली ठेवायच्या आत गेलास. असा कुणी जातो का रे, थोरल्या भावाच्या आधी?

सव्वा वर्ष झालं. इतके दिवस पत्र लिहिलं नाही, कारण तुझ्यावर राग होता. काल मी तुझ्या गाडीत बसलो. पहिल्यांदाच. म्हणून आज लिहितोय.

तुझे साहेब मायदेशी परतताना ती विलायती गाडी तुला विकून गेले, तेव्हा अख्खं गिरीज गाव बघायला लोटलं होतं. एवढीशी गाडी, पण आतून जणू राजाची पालखी! तू सगळ्यांना दार उघडून दाखवलंस. "दादा, हे बघ, तीन नागमोडी रेघांचं बटण. दाबलं की सीट गरम होते. बूड शेकायची सोय!" घामाघूम झालेले आम्ही सगळे पोट धरून हसलो. वसईत गरम सीट म्हणजे मिठागरात मीठ विकणं!

मग मी वाडीत केळीला पाणी सोडून तसाच आलो, बसायला वाकलो, आणि तू म्हणालास, "दादा, पाय झटकून बस."

एवढंच. पण चारचौघांत म्हणालास ना! ज्या चिखलाने तुला शिकवलं, तो चिखल तुला नको झाला, असं माझ्या मनाने घेतलं. तुझ्या गाडीत बसलो नाही तो नाहीच. तीन वर्षं तू हॉर्न वाजवत दारावरून गेलास आणि मी केळीच्या पानाआड उभा राहिलो. का नाही रे एकदा उतरून माझा हात धरलास? आणि मीही काय म्हातारा हट्टी!

तू गेल्यावर गाडी अंगणातच होती. विकत घ्यायला एव्हरशाईनच्या सोसायट्यांमधून दोघे येऊन गेले. सुमनने दोघांना चहा पाजून परत पाठवलं. मला म्हणाली, "दादा, मी ही आजारी माणसांच्या संस्थेला देणार. डायलिसिसच्या पेशंटांची ने-आण करायला त्यांना गाडी हवी आहे."

"दारातली त्याची आठवण आहे ती," मी म्हटलं.

"आठवण म्हणून ठेवायची आहे, की राग म्हणून?" तुझी बायको मोठी हुशार, मधू.

पण दुसऱ्याकडे रिकामं भांडं पाठवू नये, ही आईची शिकवण. मग गाडी तरी रिकामी कशी पाठवू? डिकीत पिकत आलेला वेलची केळ्यांचा घड ठेवला, चार शहाळी ठेवली, आणि संस्थेच्या ड्रायव्हरला रस्ता दाखवायला म्हणून मी स्वतःही निघालो. खरं सांगतो, गाडी अंगणातून एकटी जाताना मला बघवली नसती.

संस्थेच्या दारात नर्सबाईंनी डिकी उघडली आणि कपाळावर हात मारला. "अहो काका! किडनीच्या पेशंटना केळी बंद, शहाळीही बंद!"

बाकड्यावर पाचूबंदरच्या कोळीवाड्यातली रोजीमावशी बसली होती. ती म्हणाली, "काय रे वाडीवाल्या, न्यायला आलायस का मारायला?" सगळे हसले. मला मात्र धरणीने पोटात घ्यावं असं झालं.

नर्सबाई हळूच म्हणाल्या, "तिने दोन खेपा चुकवल्यात. आजची शेवटची म्हणते. तिला समजावा."

"समजावतोय कोन?" मावशीने ऐकलंच. "पानी मोजून प्यायचं, ते चालेल. सुया चालतील. पन मशीनवरून उठून परत येताना ती थंडी! रिक्षात हाडं खुळखुळतात. त्यापेक्षा घरात मेलेली बरी."

कशीबशी आमच्याबरोबर हॉस्पिटलात यायला तयार झाली. मासळीच्या पाण्याने भिजलेल्या तिच्या चपला. गाडीच्या दाराशी थबकली. "चपला काढू काय रे? भारी गाडी हाय."

आणि माझ्या तोंडून गेलं, "नको मावशी, पाय झटकून बसा."

मधू! तुझेच शब्द! तिने दोन्ही पाय झटकले आणि पुढे बसली. राग नाही, मान नाही, अपमान नाही. म्हणजे तू मला बस म्हणाला होतास. मी फक्त झटकणं ऐकलं.

चार तासांनी, परतीच्या वेळी बाहेर वैशाखाचं ऊन रणरणत होतं आणि मावशी थरथर कापत होती. ओठ निळे. ड्रायव्हर घाबरला. मला एकदम ते बटण आठवलं. मागून हात लांबवला, तीन नागमोडी रेघा शोधल्या, दाबलं.

थोड्या वेळाने तिचे खांदे सैल झाले. "अगो बाय!" ती म्हणाली. "आयच्या चुलीपुढं बसल्यासारखं वाटतंय. कोनाची रे गाडी?"

"माझ्या धाकट्या भावाची," मी म्हटलं.

कुठल्या थंड मुलखात कुणी ते बटण बसवलं, आम्ही त्याला हसलो, आणि ते वाट बघत होतं पाचूबंदरच्या एका म्हातारीची! हे कोण जुळवतं रे? तू आता तिकडे आहेस, विचारून बघ.

पाचूबंदरला तिच्या दारात उतरताना मावशीने ड्रायव्हरला विचारलं, "शुक्रवारी कितीला येशील?"

घड आणि शहाळी नर्सबाईंनी स्टाफसाठी ठेवून घेतली. पुढच्या खेपेला काय द्यायचं ते आधी विचारून नेईन.

आणि शब्द देतो, मधू: शुक्रवारी मी मावशीला हात धरून न्यायला जाणार आहे. वाडीतून थेट जाईन, पण गाडीत बसण्याआधी दोन्ही पाय नीट झटकीन. तू म्हणालास म्हणून.

उत्तर लवकर लिही. कागद मिळत नसेल तर दारावरून जाताना एकदा हॉर्न वाजव. आता मी पानाआड उभा राहणार नाही.

तुझाच,
दादा