रतनपूरच्या स्वारीत कापगते घराणे नव्हते, असा दाखला मिळण्याबाबत

प्रति,
मा. अभिरक्षक,
रणसाहित्य संग्रहालय,
नागपूर.

विषय: इ.स. १७४१ मधील रतनपूर स्वारीत अर्जदाराच्या पूर्वजांनी भाग घेतला नसल्याचा दाखला, मुलीच्या विवाहकामी तातडीने मिळण्याबाबत.

संदर्भ: आपल्या दालन क्र. ३ मधील तलवार, नोंद क्र. ११८, आणि तिच्यासमोर दि. १४ डिसेंबर २०२५ रोजी अर्जदाराने काढलेले उद्गार.

महोदय,

१. मी, तेजराम सोनबाजी कापगते, वय ६२, मूळ राहणार साकोली तालुका, जिल्हा भंडारा, हल्ली मुक्काम मरोदा, भिलाई, छत्तीसगड, सविनय लिहितो ते असे. पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये छत्तीस वर्षे क्रेन चालवून मी निवृत्त झालो. अर्ज मराठीत करीत आहे, कारण स्वारी नागपूरकरांची होती आणि दाखलाही नागपूरकरांनीच द्यायचा आहे. चूक तेवढी माझी आहे.

२. निवृत्तीनंतर माणसाला एक तर देव धरतो, नाही तर मधुमेह. मला युद्धइतिहासाने धरले. मुलीने दिलेल्या मोबाइलवर मी दोन वर्षांत लढायांचे शेकडो व्हिडिओ पाहिले. मथळ्यात ‘तुमच्यापासून लपवलेले सत्य’ असे असले की मी हमखास उघडतो. आमच्या मोहल्ल्यात नळ किती वाजता येणार हेही लपवलेलेच असते, त्यामुळे बाकीचेही लपवले असणार हे चटकन पटते. या अभ्यासातले माझे सोबती म्हणजे खुर्सीपारचे मोटार वाइंडिंगवाले श्री. हिरालाल कौशिक. ते तारेचे वेढे मोजीत, मी मोबाइल धरून बसे. पानिपत आम्ही त्यांच्या दुकानात अकरा वेळा हरलो.

३. मोबाइलवर भागेना म्हणून संग्रहालये सुरू झाली. रायपूरला दोनदा, आपल्याकडे तीनदा. बरोबर माझी मुलगी उत्कर्षा आणि हिरालालजींचा मुलगा राजदीप असत, कारण मोबाइलवर तिकीट काढणे आम्हा दोघा सेनापतींना जमत नाही. आम्ही खंजिरांची लांबी वितीने मोजत असताना ही दोघे नाण्यांच्या दालनात असत. नाण्यांत दोन-दोन तास काय पाहतात, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. तो पडला नाही. पुढे त्यांनीच सांगितले. दोन्ही घरे खूश झाली आणि येत्या ८ फेब्रुवारीला साक्षगंध ठरले. त्याच आनंदात १४ डिसेंबरला आपल्याकडे चौथी फेरी झाली आणि तेथे घात झाला.

४. नोंद क्र. ११८ च्या खाली ‘नागपूरकर भोसले फौज, अठरावे शतक, मालक अज्ञात’ अशी पाटी आहे. महोदय, रिकामी जागा दिसली की अर्ज टाकायचा, ही आम्हा कामगारांची जुनी खोड. हिरालालजी तेव्हा छत्तीसगडातल्या रतनपूरच्या किल्ल्याबद्दल सांगत होते, त्यांचे गाव त्याच बाजूचे. त्यांना किल्ला आहे आणि मला काहीच नाही, हे मला सोसले नाही. मी जे बोललो ते शब्दशः देतो: “हे तलवार आमच्या खापरपणज्याची होय. भास्करपंत सेनापतीच्या संगं रतनपूरवर गेला होता तो. एका दिवसात किल्ला घेतला न जी!” उचलली जीभ, लावली टाळ्याला. हे खरे ठरायला आमच्या घराण्यात प्रत्येक पुरुषाला साठीत मूल व्हावे लागते, हा हिशेब मी गाडीत बसल्यावर केला. हिरालालजी तलवारीकडे पाहत एवढेच म्हणाले, “अच्छा. त ओ मन तुंहर पुरखा रिहिन.” म्हणजे, ती तुमची माणसे होती तर. परतीच्या गाडीत ते दुसऱ्या डब्यात बसले.

५. मला ठाऊक नव्हते ते असे. हिरालालजींच्या मातोश्री गयाबाई, वय ८४, यांच्या सासरी पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत की मराठ्यांच्या फौजेने त्यांचे चार बैल हाकून नेले. धौंरा, कबरा आणि ललवा ही नावे सर्वांना पाठ आहेत. चौथ्याच्या नावाबद्दल घरात वाद आहे. पावणेतीनशे वर्षे चोर सापडत नव्हता. मी आपल्या दालनात, दिवसाढवळ्या, कोणी विचारलेले नसताना कबुलीजबाब दिला. गयाबाईंनी निकाल लावला, “बइला चोर के घर ले बहू नइ आवय.” म्हणजे, बैलचोराच्या घरून सून येणार नाही. साक्षगंध थांबले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे.

६. यावर मी गप्प बसलो नाही. दुर्गच्या एका वकिलाकडे शपथपत्र मागितले. त्यांनी सांगितले, पूर्वज रतनपूरला नव्हते तर त्या दिवशी होते कुठे, याचा पुरावा आणा. मूळ गावी गेलो. तेथे सांगण्यात आले की १७४१ चे रजिस्टर वरच्या कार्यालयात असेल. वरच्या कार्यालयातले म्हणाले, याच्याही वर जा. माझी पत्नी सौ. नूतन हिचे मत मी विचारले नव्हते, तरी मिळाले: “तुमच्या आज्यानं जिंदगीत कोंबडी नाही मारली, अन् तुम्ही रतनपूर मारून राहिले! कावून बोलले असं?” राजदीप कोर्टात लग्न करायला तयार आहे. उत्कर्षा तयार नाही. ती म्हणते, “बाबा, मैं भाग के नहीं जाऊंगी. दादीनं हो म्हटलं तरच. तुम्ही बोलले, तुम्हीच निपटवा.”

७. सबब विनंती की,
(अ) कापगते घराण्याने १७४१ साली अथवा त्याआधी-नंतर, कधीही, कुठेही, कोणाचेही, काहीही जिंकलेले नाही, असा दाखला शिक्क्यासह मिळावा;
(आ) नोंद क्र. ११८ ची पाटी ‘मालक अज्ञात, परंतु कापगते नव्हे’ अशी दुरुस्त करावी;
(इ) फौजेच्या एखाद्या जुन्या यादीत कोणी कापगते निघालाच, तर तो मागच्या तुकडीत होता, तापाने आजारी होता आणि बैलांच्या दिशेला तोंड करून झोपलाही नव्हता, असा शेरा मारावा.

८. आता कारण. शासकीय कागदावर कारण लिहावे लागते म्हणून लिहितो. माझे वडील सोनबाजी १९५८ साली साकोलीकडून येथे आले. कारखान्याचा पाया खोदत होते तेव्हा त्यांनी डोक्यावरून मातीच्या टोपल्या वाहिल्या. मी वर केबिनमध्ये बसून छत्तीस वर्षे रूळ उचलले. आपण नागपूरहून गाडीने जात असाल, तर त्यातले काही आपल्या खाली असतील. यावर कोणी व्हिडिओ काढलेला नाही, आणि मातीची टोपली मी कोणत्याही दालनात काचेत ठेवलेली पाहिली नाही. त्या दिवशी हिरालालजींपुढे मला लहान वाटले. खरे तर त्यांनी मला कधी लहान मानले नव्हते. तरी मी एका मेलेल्या माणसाची तलवार उचलली. याची मला फार लाज वाटते.

९. नूतन म्हणते, दाखला कशाले पायजे, जाऊन सांगा की खोटं बोललो. महोदय, तीनदा गेलो. पहिल्या वेळी दुकानाबाहेरून सायकल वळवली. दुसऱ्या वेळी घरचा चालता पंखा दुरुस्तीला म्हणून ठेवून आलो. हिरालालजींनी तो उघडला, पाहिला आणि ‘कोई खराबी नहीं’ अशी चिठ्ठी बांधून परत केला. तिसऱ्या वेळी तोंड उघडले आणि हवामानाबद्दल बोललो. गेला महिनाभर मी लढाया एकट्याने पाहतो. एकट्याने पाहिल्यावर कोण जिंकले याने काही फरक पडत नाही. आपल्या कार्यालयात दाखल्याला वेळ लागतो हे मी जाणतो, आणि तारीख वीस दिवसांवर आहे. म्हणून खाली प्रत जोडली आहे.

आपला, कोणत्याही लढाईत नसलेला,

(सही)
तेजराम सोनबाजी कापगते
मरोदा, भिलाई
दि. १९ जानेवारी २०२६

सोबत:
१) मूळ गावच्या सातबाऱ्याची प्रत (त्यात धान आहे, शस्त्रे नाहीत)
२) कै. सोनबाजी कापगते यांच्या कारखाना गेटपासची छायाप्रत
३) नोंद क्र. ११८ च्या पाटीचा फोटो, अर्जदाराच्या बोटासह

प्रत: श्री. हिरालाल कौशिक, मोटार वाइंडिंग, खुर्सीपार, यांना माहितीसाठी, आणि मातोश्री गयाबाई यांना वाचून दाखविण्यासाठी. मराठी अडेल तेथे उत्कर्षा अर्थ सांगेल. ही प्रत अर्जदार उद्या सकाळी स्वतः नेऊन देईल आणि वाचून होईपर्यंत दुकानाबाहेर उन्हात उभा राहील.