चोरओटी आणि पोच

अमरावती, रविवार दुपार

आदरणीय विहीणबाई,

संध्याचा तुम्हाला आणि व्याह्यांना नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेलं तेल लावता की अजून देवघरातच ठेवलं आहे? हिवरखेडच्या वावरात कपाशीला बोंडं चांगली धरली असं आकांक्षाकडून कळलं, बरं वाटलं. आमच्याकडे सगळे ठीक. आकांक्षा उत्तम. ह्यांची कंबर धरली आहे, पण त्याचं कारण पुढे येईलच.

फोन करायचा सोडून पत्र का, असं तुम्हाला वाटेल. तुमच्याकडे फोन स्पीकरवर ठेवून बोलायची पद्धत आहे. मागच्या वेळी मी “हे कोणाला सांगू नका” म्हटलं, तेव्हा मागून तीन निरनिराळे आवाज “नाही सांगत” म्हणाले. (त्यातला एक दूधवाल्याचा होता, हे मला नंतर कळलं.) म्हणून पत्र.

तर, बातमी कळली त्याच दिवशी तुम्ही मला जे म्हणालात ते माझ्या मनात रुतून बसलं होतं. “इनबाई, पोरीले आताच राजीनामा द्याले सांगा. नवी नोकरी, सहा महिन्यांचं प्रोबेशन, पोट दिसलं की हाकलूनच देतीन. हाकलल्यापरीस सोडलेली बरी.” तुमची काळजी आईची होती, मला कळत का नाही? पण नांदगाव पेठच्या कापड कारखान्यातली ही जागा आकांक्षाने किती मुलाखती देऊन मिळवली, ते तुम्हीही पाहिलं आहे. कापडातली एवढीशी गाठ तिला वीस पावलांवरून दिसते. (माझ्या साड्यांतल्याही दिसतात, पण ती बोलत नाही. गुणी आहे.) तेव्हा राजीनामा नाही आणि हाकलणंही नाही, असा तिसरा मार्ग मी काढला. प्रोबेशन नोव्हेंबरअखेर संपतं. तोवर कंपनीला कळूच द्यायचं नाही.

तुम्ही हसू नका. मिशनच्या शाळेत असताना गुपित ठेवण्यात माझा वर्गात पहिला नंबर होता. निदान सिस्टर तसं म्हणायच्या, अर्थात त्यांना काही कळलंच नाही, म्हणूनच म्हणायच्या.

मी आधी घरात शिस्त लावली. पोट, बाळ, उलटी, डॉक्टर हे शब्द बंद. आमच्या ह्यांनी पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं काढली, त्यामुळे त्यांना एकच खुणेचा शब्द सुचला, फाईल. सकाळी अंगणातून मोठ्यांदा विचारायचे, “फाईल जेवली काय वं?” गजेंद्र आतून सांगायचा, “बाबा, फाईलले मळमळून राहिलं.” आठ दिवसांत शेजारी अशी कुजबुज सुरू झाली की शालिकराम काकांना निवृत्तीनंतर ऑफिसचं वेड लागलं. एक बाई तर मला धीर द्यायला आल्या.

मग कंपनीची बस. ती सकाळी सातला कोपऱ्यावर येते. मी रोज आकांक्षाला सोडायला जायची आणि बसमधल्या बायकांना आपणहून सांगायची, “आमच्या आकांक्षाला पित्ताचा फार त्रास आहे हो!” (कोणी विचारलं नव्हतं. पण खोटं आधीच सांगून ठेवलं की पुढे जड जात नाही, असा माझा समज होता.) तिसऱ्या दिवशी एकीने चिंच दिली. चौथ्या दिवशी आवळे आले. पाचव्या दिवशी ड्रायव्हरने खिडकीतून डोकं काढून सांगितलं, “मावशी, पित्तवालीले पुढची शिट देली, खड्ड्याइनं धक्के नाही लागत.” मला किती हायसं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, लोकांचा विश्वास बसला.

एवढं सगळं सुरळीत चाललेलं असताना मीच माती खाल्ली. तिसरा महिना लागला आणि मला चोरओटीची आठवण झाली. माझ्या सासूबाईंनी माझी चोरओटी स्वयंपाकघराचं दार लोटून भरली होती. हिरवा खण, पाच मुठी गहू, नारळ, आणि कानात म्हणाल्या होत्या, “बोलू नको कोणाले.” ते कानातलं बोलणं मला अजून ऐकू येतं. आपल्या सुनेला तेवढं तरी मिळावं, असं वाटलं. आणि चोरून भरायची ओटी म्हणजे आपल्या गुपिताला सोयीचीच. पण माझ्याशिवाय आणखी एक तरी सवाष्ण हवी, म्हणून फक्त मागच्या गल्लीतल्या बेबीताईंना बोलावलं.

बेबीताई म्हणाल्या, “दोघीइनं ओटी भरतेत काय वं संध्या? पाच जणी लागतेत.” मी म्हटलं, बरं, पाच. त्या पाच जणींना वाटलं, आपण गेलो आणि जाऊबाईंना सांगितलं नाही तर वाईट दिसतं. विहीणबाई, गुरुवारी चार वाजता माझ्या बैठकीत सत्तावीस बायका होत्या. जी ती आत येताना आवाज बारीक करून विचारायची, “चोरओटी इथंच हाय नं?” कोपऱ्यावरच्या मंडपवाल्याने न मागता खुर्च्या आणून टाकल्या.

पाट मांडला, रांगोळी काढली, आकांक्षा त्या दिवशी सुट्टी असल्याने आत साडी नेसत होती, आणि तेवढ्यात बेबीताईंचा भाचा नितेश त्यांना घरी न्यायला मोटरसायकलवरून दारात उतरला. नितेश कोण? आकांक्षाच्या कंपनीत माणसं ठेवणारा आणि काढणारा जो अधिकारी असतो, तो! (बेबीताईंना हे माहीत होतं. मला सांगावंसं त्यांना वाटलं नाही. “तू इचारलं काय?” म्हणाल्या.)

माझ्या डोळ्यांपुढे आकांक्षाची नोकरी बसमध्ये बसून निघून गेली. नितेशचा पाय उंबऱ्यावर, माझ्या हातात हिरवा खण, पाट रिकामा. तेवढ्यात हे चहा मागायला आत आले. मी ह्यांचा दंड धरला, पाटावर बसवलं आणि जाहीर केलं, “आज ह्यांचा वाढदिवस!”

धन्य त्या सत्तावीस बायका. एकीनेही चेहरा हलू दिला नाही. बेबीताईंनी ह्यांच्या मांडीवर गहू घातले, नारळ ठेवला, खण ठेवला, आणि ज्या दोघी पाळण्याची गाणी पाठ करून आल्या होत्या त्यांनी ती म्हटलीच, कारण दुसरी येत नव्हती. हे ओंजळ धरून बसलेले. नारळ घसरत होता, तो धरायला वाकले तेव्हाच कंबर धरली. नितेश दारातूनच म्हणाला, “काकू, वाढदिवसाले काकाची ओटी भरून राहिले काय तुमी?” मी म्हटलं, “आमच्यात पद्धत आहे.” त्याने वाकून ह्यांना नमस्कार केला, करंजी घेतली, आणि तेवढ्यात हिरवी साडी नेसून आकांक्षा बाहेर आली.

मी मनातल्या मनात शाळेतली प्रार्थना म्हटली आणि पाठोपाठ अंबादेवीला नवस बोलले. आणि नितेश करंजी खाता खाता काय म्हणाला? “मॅडम, अभिनंदन. तुमच्या पत्राचं उत्तर सोमवारी निघते. रजेची नोंद झाली.”

तुमच्या लेकीने महिन्याभरापूर्वीच कंपनीला लेखी कळवलं होतं, डॉक्टरांचा दाखला जोडून! प्रोबेशन असो की नसो, बाळंतपणाच्या तारखेआधीच्या वर्षभरात ऐंशी दिवस काम भरलं की सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा हक्काची असते, आणि बाळ होणार म्हणून कामावरून काढणं कायद्याला धरून नाही. हे तिने रुजू व्हायच्या आधीच वाचून ठेवलं होतं. बसमधल्या बायकांना तिनेच सांगितलं होतं. “मग मला का नाही?” मी विचारलं. तर म्हणते, “आई, तुम्ही इतक्या मनापासून लपवत होत्या. मोडू कशाला म्हटलं.”

आणि तिला लेखी द्यायला कोणी शिकवलं? ह्यांनी! पाटावर बसल्या बसल्या, मांडीवर गहू घेऊन, हे विचारतात, “पोच घेतली होती काय?” तिने पर्समधून कागद काढला. नितेशची सही, तारीख, शिक्का. ह्यांनी तो असा पाहिला, जसा नातवाचा चेहरा पाहावा. म्हणजे एक महिना हे फाईल फाईल करत होते, ते सगळं माहीत असून. मग ओटी भरली. खरी, आकांक्षाची. कानात सांगायला काही उरलं नव्हतं, तरी मी वाकून सांगितलं, “बोलू नको कोणाले.” सगळ्या खदखदून हसल्या आणि मला मात्र रडू आलं.

ते का आलं, हे फक्त तुम्हाला लिहिते. गजेंद्रच्या वेळी मीही नवी होते. मी शिकले त्याच शाळेत तिसरीला शिकवत होते, चौथा महिना नोकरीचा. कोणी मला जा म्हटलं नव्हतं. मलाच लाज वाटली. सुंदर अक्षरात राजीनामा लिहिला आणि सिस्टर प्रार्थनेला गेल्या असताना त्यांच्या टेबलावर ठेवून घरी आले. हाकलल्यापेक्षा सोडलेली बरी, हे मला कोणी सांगावंही लागलं नव्हतं, विहीणबाई. तिसरीची मुलं दोन दिवस गेटपाशी वाट बघत होती म्हणे.

असो. तेल लावत जा. व्याह्यांना नमस्कार, दूधवाल्यालाही.

तुमची,
संध्या

ता. क. पहिलं बाळंतपण माहेरचं. पोर अकोल्याला तुमच्याकडेच येईल, त्यात माझं काही म्हणणं नाही. डिंकाचे लाडू मी पाठवणार नाही, तुमचे जास्त चांगले असतात.

ता. क. २. मात्र ती तिकडे असताना तिच्या हाती राजीनामा लिहायला कागद देऊ नका. एवढंच सांगायला हे सगळं लिहिलं. रजा संपली की ती सातच्या बसमध्ये बसली पाहिजे. बाळाला मी बघीन. एकटीने जमेल की नाही शंका आहे, तेव्हा तुम्हीही गुडघ्यासकट इकडे या. खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. ३. ह्यांनी पत्र वाचलं. (मी लपवलं होतं.) सोबत दुसरी प्रत जोडली आहे. मिळाल्याची सही आणि तारीख घालून परत पाठवा, असं त्यांचं म्हणणं. माझ्या राजीनाम्याची पोच मी घेतली होती का, तेही विचारलं. नाही म्हटलं, तर म्हणाले, “मंग तो पोचलाच नाही. तू अजून नोकरीतच हायेस, फक्त रजा जराशी लांबली.” उद्या शाळेवरून जाऊन यावं म्हणते.