नटबोल्टांची जर्मन

बाबा,

आज ऑफिसात मी खोटं बोलले, आणि ते तुम्हालाच सांगायला हवं. पण त्याआधी गिरणीतल्या त्या दिवसाबद्दल बोलायला हवं. तो विषय तुम्ही पुन्हा कधी काढला नाहीत, आणि मीही नाही.

नव्वदीचं दशक होतं, मी कॉलेजात होते. वर्ध्यात जर्मन शिकवणारं कुणी मिळेना, म्हणून दिसेल ते गोळा करत सुटले होते. नागपूरहून आणलेल्या तीन कॅसेटी, जुन्या बाजारातला शब्दकोश, रेडिओवरचे खरखरते धडे, पोस्टानं येणाऱ्या पुस्तिका. कशाचा कशाला मेळ नव्हता. एक धडा धड होत नसे, तोवर मला दुसरं पुस्तक हवं असायचं. तुम्ही सूतगिरणीत फिटर, आणि तुमच्याकडे पुस्तक एकच, तिथल्या जर्मन मशीनचं जुनं मॅन्युअल. चित्रातला बाण बघायचा, मशीनपाशी जाऊन त्या भागाला हात लावायचा, मग दोनशे पानी वहीत शब्द उतरवून शेजारी मराठीत अर्थ लिहायचा. आवाज कानावर पडावा म्हणून आई भाकरी थापत असताना चुलीपाशी माझी कॅसेट ऐकत बसायचात. "तुह्या कॅसेटमंदी सारे हॉटेलातच जेवून राह्यले. तेल कुठं घालाचं ते कोणीच काऊन नाई सांगत?" आई हसायची. मी चिडायचे.

मग मशीन बंद पडलं, जर्मनीहून इंजिनिअर आला आणि तुम्ही मॅनेजरसाहेबांना सांगून बसलात, माही पोरगी जर्मन शिकून राह्यली, तिले आणतो. लुनावर मागे बसून मी इस्त्रीचा ड्रेस सांभाळत गिरणीत पोचते. सगळं खातं गोळा झालेलं. मी त्याला माझं नाव सांगते, मग हवा छान आहे म्हणते. मे महिन्यात, वर्ध्यात! तो हसतो आणि मशीनबद्दल भराभर बोलू लागतो. मला एक शब्द कळत नाही. तेव्हा तुम्ही वही उघडता, एका शब्दावर बोट ठेवता, तो तुमच्या पद्धतीनं मोठ्यानं म्हणता आणि मशीनचा पट्टा दाखवता. तो माणूस तुमच्या शेजारी उकिडवा बसतो. तासभर तुम्ही दोघं वहीत आणि मशीनमध्ये डोकं घालून होता. मशीन सुरू झाल्यावर साहेब म्हणाले, "क्या बात है! तुम्हाला कुठून येते हो जर्मन?"

"मले कुठची येते साहेब? पोरीनं शिकवली."

आणि मी मान हलवली, बाबा. नाही म्हणाले नाही.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण माझी फजिती झाली होती आणि ती कुणावर तरी काढायची होती. परतताना म्हणाले, तुमचे उच्चार ऐकून लाज वाटली, चारचौघांत ती नटबोल्टांची जर्मन बोलत जाऊ नका. तुम्ही लुना हळू केलीत. "बरं. आता तूच बोलजो, बाई." दुसऱ्या दिवशी वही माझ्या टेबलावर होती. त्यानंतर तुम्ही कधी कॅसेट ऐकायला बसला नाहीत, आणि मी बोलावलंही नाही. दोन वर्षांनी तुम्ही गेलात.

आता पुण्यात मी पोटासाठी काय करते माहीत आहे? जर्मन यंत्रांची मॅन्युअलं मराठीत आणते. कॅसेटी, पुस्तिका कुठे गेल्या कोण जाणे. कामाच्या टेबलावर तुमची वही तेवढी असते. आज ऑफिसातल्या नव्या मुलीनं विचारलं, कोणतं पुस्तक घेऊ, कोणता क्लास लावू? मी ऐटीत सांगितलं, पुस्तक एकच घे, त्यातल्या वस्तूला हात लावून बघ, लिहून काढ, आणि रोज एक आवाज कानावर पडू दे. ती खूश झाली. मग वही चाळत म्हणाली, "मॅडम, ही यादी कुणी केली?"

त्या पानावर ग्रीसमध्ये तुमचा अंगठा उमटलेला आहे. मी सहज ठेवल्यासारखा त्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "मीच. शिकत असताना."

हे पत्र त्या वहीतच ठेवणार होते. पण ती मुलगी वही पुन्हा उघडेल, म्हणून घरी कपाटात ठेवते आहे.