पोटातली चौदा इंजेक्शनं

१२ फेब्रुवारी, मंगळवार

प्रिय ताई,

नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? भाची म्हणाली, ऑपरेशन नीट झालं आणि आता तू काठीशिवाय चालतेस. ऐकून बरं वाटलं. इकडे माझंही बरं चाललंय. अक्षर वेडंवाकडं दिसेल, कारण उजव्या अंगठ्याला पट्टी आहे. मला भटकी मांजरी चावली. हस खुशाल.

झालं असं, की दुकानातल्या चिंध्यांच्या खोक्यात मी अस्तराचा तुकडा शोधायला हात घातला. आत एक मांजरी पिल्लं घेऊन बसलेली. मला काय माहीत! तिने अंगठ्यात असे दात रुतवले की मी किंचाळले, आणि माप द्यायला उभी असलेली बाई टेपसकट रस्त्यावर पळाली. साबणाने धुतलं, पण संध्याकाळपर्यंत हात मनगटापर्यंत टम्म सुजला.

दवाखान्यातली डॉक्टर अगदी तरुण. म्हणाली, "पाच इंजेक्शनं घ्यावी लागतील, आजी."

मी आधीच पोट धरलं. ती म्हणाली, "पोटात नाही हो, दंडात. पोटातली कधीच बंद झाली."

ताई, मला तिथेच रडू आलं. तिला वाटलं, मी सुईला घाबरले.

काल तिसरं झालं. सूज उतरलीय. कात्री अजून धरता येत नाही, म्हणून शिवण बंद आहे. मांजरीवर दहा दिवस लक्ष ठेवायला सांगितलंय, त्यामुळे दुकानात मी आणि ती एकमेकींवर लक्ष ठेवून बसतो. काम नसलं की जुनं काय काय आठवतं.

बाबांची सायकल आठवते? पुढच्या दांडीवर तू, मागे कॅरिअरवर मी. चौदा दिवस रोज शाळेआधी दवाखाना. तुझ्या पोटावर इंजेक्शनांच्या गाठी आल्या होत्या, तू वाकून चालायचीस आणि कंपाउंडरला म्हणायचीस, "आज जरा डावीकडे टोचा, उजवीकडे जागा संपली." तो हसायचा. सुई आत गेली की तू माझं बोट घट्ट आवळायचीस. मला दुखायचं, पण मी बोट सोडवून घेतलं नाही. तेवढं एकच काम मी तेव्हा धड केलं.

कारण तेव्हा मांजरीचं पिल्लू मी उचललं होतं. मांजरी माझ्या अंगावर आली, तेव्हा तू मधे हात घातलास आणि ती तुला चावली. बाबा ओरडत आले, "कोणी छेडलं तिला?" आणि मी म्हटलं, "ताईने." रक्त गळत असताना तुला थप्पड बसली. तू नुसतं माझ्याकडे बघितलंस. नऊ वर्षांची होतीस तू. मी सहा.

इथे थांबून पत्र बंद करणार होते. लहान होतो, झालं गेलं, असं लिहून. दुपारी पाकिटात घातलंसुद्धा. पुन्हा बाहेर काढलं.

आईचं बोलायला हवं. अकरा वर्षं तू तिला सांभाळलंस. भावोजी अंथरुणाला खिळले तेव्हा मला फोन केलास, "सहा महिने तू ने, मग मी परत आणते." मी म्हटलं, माझ्या दोनच खोल्या, गिऱ्हाइकांची ये-जा, कुठे ठेवू? खरं सांगू? जागा होती. मला तिचं करायचा कंटाळा आला होता, करण्याआधीच. म्हणून ती वृद्धाश्रमात गेली आणि चौथ्या महिन्यात तिथेच गेली.

सगळे जमले तेव्हा मामाने विचारलं, "दोन दोन मुली असून आई परक्यांत का मेली?" आणि मी म्हटलं, "ताईने मला विचारलंसुद्धा नाही."

तू कपात चहा ओतत होतीस. तसंच माझ्याकडे बघितलंस. त्या दिवसापासून मामाने तुझ्याशी बोलणं टाकलं, आणि तू माझ्याशी. सहा वर्षं मी लोकांना सांगत आले, ताईला कसला राग आहे देव जाणे.

आत्ता संध्याकाळी मामाला फोन लावला. त्याला आता ऐकू कमी येतं. "मोठ्याने बोल!" म्हणाला. मग मला ते मोठ्याने सांगावं लागलं. दोनदा. "ताईने विचारलं होतं, मामा. मीच नाही म्हटलं." शेजारच्या इस्त्रीवाल्यानेसुद्धा ऐकलं असेल. ऐकू दे.

मामा म्हणाला, "मी त्या पोरीला दारातून परत पाठवलं होतं गं." आणि फोन ठेवला. तो तुला फोन करेल. उचल. त्याची चूक नाही.

मला माफ कर, असं लिहायला हात धजत नाही. उत्तर आलं नाही तरी मी समजून घेईन. पण एकदा तरी तू मला रागाने बोलावंस, असं फार वाटतं. तू कधी बोललीच नाहीस.

दोन्ही वेळा तुझं नाव पुढे करून सुटलेली,
तुझी धाकटी
चिंगी