तळ्याकाठची जळालेली शाळा

सांगली,
१२ एप्रिल १९९५

चि. ज्ञानूस,
आक्काताईचा सप्रेम जयभीम.

तुझी लेक साक्षी काल स्वतःच्या लग्नाची पत्रिका घेऊन आली. तीत आपल्या गेलेल्या आईचं नाव 'कालकथित रंगुबाई' असं आहे. आपल्या वडिलांचं, गुंडाजींचं, नाव नाही. म्हणून हे पत्र.

माझं ठीक आहे. गुडघा दुखतो. नळाला दिवसाआड पाणी.

मी म्हसवडला फोन लावला, तर तू म्हणालास, "आक्का, बायकापोरं टाकून ब्रह्मदेशात ऱ्हायलेल्या मानसाचं नाव कशाला छापू? सोयरं हसतील की!" मी फोन आपटला. बोलायचं मलाच होतं, आणि मीच आपटला.

लढाईत वडिलांची इंग्रजी फौजेतली तुकडी रस्ते बांधत ब्रह्मदेशच्या डोंगरातल्या एका तळ्याकाठच्या गावी पोचली. साहेबांनी हवा खायला वसवलेलं गाव. वर बंगले, खाली बाजार. बंगल्यांचे दगड गावकऱ्यांनी वेठीनं वाहिलेले. "आपल्या लोकांसारखेच," असं वडिलांनी लिहिलं होतं. जपान्यांनी नावा बुडवल्या. इंग्रजांनी गाव परत घेताना बाँबनी बाजार जाळला, शाळा जाळली. मी तीस वर्षं इतिहास शिकवला. हे गाव एकाही पुस्तकात सापडलं नाही. शोधत होते, हे मात्र खरं.

हे सगळं त्यांच्या एका पत्रात होतं. १९४६ साली आलं. मी तेरा वर्षांची, तू पाच. घरात वाचता येणारी मी एकटी.

"वाच गं, काय म्हंत्यात?" आई म्हणाली.

मी वाचलं, "रजा मिळाली की येतो."

तसं लिहिलेलं नव्हतं. 'लढाई संपली, मी इथेच रस्त्यावर मुकादम झालो. खोली आहे. जात कुणी विचारत नाही. रंगूला आणि पोरांना कलकत्त्याहून बोटीचा पास मिळेल, निघून या,' असं होतं. तिथली शाळा पुन्हा कधी उभी राहील, ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. मला त्याच आठवड्यात शिकायला साताऱ्याच्या बोर्डिंगात जागा मिळाली होती; ती सोडायची नव्हती.

आईनं उत्तर सांगितलं, "लवकर या म्हनावं, पोरगं इचारतंय."

मी लिहिलं, "आई यायला तयार नाही."

त्यानंतर त्यांचं पत्र आलं नाही. आई एकाहत्तर साली गेली, तोवर त्यांनाच दोष देत राहिली. मी तिला खरं कधीच सांगितलं नाही.

पत्रिका पुन्हा छाप. नाव काढायचंच असेल तर निमंत्रकांतलं माझं काढ. मी लग्नाला यावं की नाही, ते कळव.

तू अजून आक्का म्हणत असशील तर तुझी,
आक्काताई

ता. क. आज सकाळी साक्षीच्या हाती दिलं: वडिलांचं मूळ पत्र, चार पानं. पाकीट चिकटवलेलं नाही. तिनं माझ्यासमोर बसून ते वाचलं आहे.