कशेडीची मोटार आणि जुहूची दोरी

मी, सोनबा भागोजी उतेकर, वय अंदाजे पासष्ट, धंदा पूर्वी सर्व्हिस मोटारीचा, हल्ली शेती, राहणार पोलादपूर, जिल्हा कुलाबा, माझ्या पश्चात भांडणे नकोत म्हणून वकीलसाहेबांना घरी बोलावून हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. डोके ठिकाणावर आहे. छाती तेवढी चढणीला लागलेल्या इंजिनासारखी धापा टाकते, म्हणून घाई. कोणी धाक घातलेला नाही. घालील असे माणूस घरात एकच, माझी पत्नी प्रयागबाई, आणि ती सध्या चुलीपाशी आहे.

कलम १. राहते घर प्रयागबाईचे. ती हयात असेतो आमचा मुलगा चांगू याने तिला विचारल्याशिवाय कौलही हलवू नये.

कलम २. कुडपणची जमीन चांगूला. पोस्टातली शिल्लक मुलगी आवडीला, तिच्या नवऱ्याला नव्हे. जावयाने हे वाचले तरी चालेल.

कलम ३. पाने, जॅक, हवेचा पंप चांगूला. शेजाऱ्यांना उसने देऊ नयेत. गेलेली वस्तू परत येत नाही, हा माझा अनुभव.

कलम ४. माझी जुनी फोर्ड मोटार. हिच्याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

एसटी येण्यापूर्वी या रस्त्यावर आम्हा खासगी मोटारवाल्यांची सर्व्हिस होती. धुळवडीला उतारू नसत, तेव्हा आम्ही रिकाम्या गाड्या कशेडी घाटात शर्यतीला लावायचो. माथ्यावर पोचेतो रेडिएटर उकळायचा. रीत अशी, की आधी पोचेल त्याने मागून येणाऱ्याच्या गाडीत आपल्या हाताने पाणी ओतायचे. जिंकल्याचा मान तोच. हार नाही, कप नाही. कधी दासगावच्या युसुफ मुकादमाने माझ्या गाडीत ओतले, बहुतेक वेळा मी त्याच्या. याबाबत त्याचे म्हणणे वेगळे आहे.

एसटी आली, आमची सर्व्हिस गेली. मग युसुफ आणि मी दर हिवाळ्यात मुंबईला, जुहूच्या धावपट्टीवर शर्यती बघायला जाऊ लागलो. सुरुवातीला लोक ज्या मोटारीने यायचे तीच पळवायचे. पुढची काच उतरवली की शर्यतीची गाडी, चढवली की घरची. बंद पडली तर आम्ही बघणारेही ढकलायला धावायचो. हल्ली गाड्या ट्रकवर चढून येतात, एका माणसापुरत्या, मडगार्ड नसलेल्या. पळतात अशा की अंगावर काटा येतो, हे कबूल. पण बघणारा दोरीबाहेर गेला, आणि बंद पडलेल्या गाडीकडे आता कोणी वळूनही बघत नाही. युसुफ म्हणायचा, "अरे, ही खरी शर्यत हाय. आपली व्हती ती धुळवड." असेलही. म्हातारपणी मागचे सगळे गोड लागते, हे मलाही कळते.

चार वर्षांपूर्वी एक गाडी आमच्यासमोरच उकळून थांबली. मी पाण्याचा डबा घेऊन दोरीखालून आत गेलो. हाताला सवय तीच होती. मागून बाकीच्या गाड्या येताहेत हे ध्यानातच आले नाही. पोलिसाने मानगूट धरून बाहेर काढले आणि युसुफला विचारले, हा तुमच्याबरोबरचा का? युसुफशेजारी त्याचा नवा जावई सुटाबुटात उभा होता. युसुफ म्हणाला, "नाय. मी वळखत नाय ह्याला."

पोलिसाने थोड्या वेळाने सोडून दिले. मी एकटाच घरी आलो. तेव्हापासून आमचे बोलणे नाही. मला फार लागले, ते लपवण्यात अर्थ नाही.

म्हणून सदर मोटार मी युसुफ झकेरिया मुकादम यास देतो. ती घेऊन तो महाडच्या बाजारात निघाला की लोक विचारतील, गाडी कोणाची? तेव्हा त्याला माझे नाव घ्यावे लागेल. मी मेल्यावर का होईना, ते त्याच्या तोंडून निघावे, एवढीच इच्छा आहे.

कलम ४ ची दुरुस्ती. वरील मजकूर लिहून होतो तोच युसुफ दारात उभा राहिला. प्रयागबाईने मला न विचारता निरोप धाडला होता. वकीलसाहेबांनी त्याला कलम वाचून दाखवले. त्याने कागद हातात घेऊन सह्यांची जागा बघितली. मग म्हणाला, "साक्षीदार कोन हाय?"

"एक हैबती जाधव. दुसरा बघतोय," वकीलसाहेब म्हणाले.

"मी करतो सही."

वकिलांनी समजावले, की ज्याला मिळकत मिळते त्याने साक्ष घालू नये. मोटार हातची जाईल.

"जाऊ दे. मोटार चांगूच्या नावानं लिवा."

प्रयागबाई आतून म्हणाली, "युसुफभावजी, आदी बसा तरी. च्या ठेवलाय."

मी म्हटले, "गाडी नको, मग सही कशाला रे?"

"तू गप रे. दम वाचव तुझा."

चार वर्षांनी तो माझ्याशी बोलला ते एवढेच. मला बरे वाटले, सबब नमूद केले.

मोटार चांगूला. त्याने ती मोडीत घालू नये. पळवावीशी वाटल्यास खुशाल पळवावी.

येणेप्रमाणे सर्व मजकूर मला वाचून दाखवला, तो माझ्या मनाप्रमाणे आहे.

मुक्काम पोलादपूर, ता. ९ मार्च १९६४.

(सही) सोनबा भागोजी उतेकर

साक्षीदार:

१. (सही) हैबती मालोजी जाधव, राहणार पोलादपूर.

२. (सही) युसुफ झकेरिया मुकादम, राहणार दासगाव. सोनबानं माज्यासमोर सही केली. ह्या मानसाला मी वळखतो. माज्या जावयासमोर इचारलं तरी हेच सांगीन.